अक्कांची दुसरी जिम

आमच्या अक्कांनी पहिल्यांदा लोखंड उचललं त्या दुपारी मी त्यांच्या शेजारीच उभी होते. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, राजेश्वरी. आमच्यात थोरल्या जावेला अक्का आणि सासूबाईंना अव्वा म्हणतात. घर बाळीवेशीत, चादरी-टॉवेलचं दुकान चाटी गल्लीत आणि माल विणायचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. कारखाना आम्हा दोघींचे नवरे बघतात आणि दुकान आम्ही दोघी. मी गिऱ्हाइकाला बोलण्यात धरून ठेवायची आणि अक्का माल काढायच्या. माळ्यावरची चादरींची गासडी खाली घ्यायची, दोरी सोडायची, दाखवून झालं की परत बांधून वर चढवायची. लग्न होऊन आल्यापासून त्या हेच करत होत्या. त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हतं. त्यांनाही नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांची साखर काठावर निघाली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. आमच्या घराजवळच सना नावाच्या मुलीने जिममध्ये बायकांची दुपारची बॅच सुरू केली होती. दुपारी दुकानात तसंही कोणी फिरकत नाही. अक्का मला म्हणाल्या, "दानेश्वरी, तू संगट चल. एकटीला लाज वाटती." नवे कॅनव्हासचे बूट त्यांनी भाजीच्या पिशवीत घालून वर कोथिंबिरीची जुडी ठेवली होती. गल्लीतून जाताना कोणाला दिसू नयेत म्हणून.

सना सत्तावीस-अठ्ठावीसची, शिडशिडीत, बोलायला फटाकडी. तिने अक्कांसमोर नुसता रॉड ठेवला आणि म्हणाली, "काकू, गुडघे वाकवा, पाठ सरळ, आणि सावकाश उचला. जड वाटलं तर सोडून द्या."

अक्का वाकल्या, रॉड धरला आणि टॉवेलचा गठ्ठा घ्यावा तसा अलगद उचलला. "ह्ये हलकं हाय की गं."

सनाने दोन्ही बाजूंना प्लेटा चढवल्या. तोही उचलला. अजून चढवल्या. अक्कांनी पदर खोचायला हात कमरेशी नेला, आपण सलवार-कमीज घातलाय हे आठवून स्वतःशीच हसल्या आणि तोही उचलला. ट्रेडमिलवरच्या बायका एकेक करून खाली उतरल्या. सनाने जिममधल्या सगळ्यात मोठ्या प्लेटा आणल्या. "काकू, हे नाही झालं तरी चालेल हं!"

अक्कांनी श्वास घेतला. मानेची शीर फुगली, चेहरा लाल झाला, आणि रॉड जमिनीवरून सुटला. गुडघ्यापर्यंत आला, मांडीपर्यंत आला, आणि अक्का ताठ उभ्या राहिल्या. बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या की खालचा पानवाला वर बघायला आला. अक्कांनी मागे वळून पाहिलं. टाळ्या दुसऱ्याच कोणासाठी आहेत असं त्यांना वाटलं होतं.

सना त्या दिवशी घरी जाताना त्यांना म्हणाली, "काकू कोण म्हणेल तुम्हाला? आजपासून ताई."

मी पंधरा दिवसांत जिम सोडली. अक्कांनी सोडली नाही. आणि सुरुवातीचे ते महिने काय सांगू, आमच्या घरात सणच होता! साखर खाली आली, कंबरदुखी पळाली. अक्का जिना चढायच्या तेव्हा गुणगुणायच्या. दुकानात ओळखीच्या बायका टॉवेल बघायला म्हणून यायच्या आणि अक्कांच्या दंडाला हात लावून जायच्या. विरेशभाऊजी, म्हणजे अक्कांचे यजमान, मुलखाचे अबोल. तेसुद्धा कारखान्यातल्या माणसांना सांगत सुटले, "आमच्या घरातली माणसं लोखंड उचलतेत बरं का." अव्वा सत्तरीच्या पुढच्या, इरकली नेसणाऱ्या. त्यांनी आधी नाकं मुरडली. मग एक दिवस अक्कांनी त्यांना खुर्चीसकट उचलून उन्हातून सावलीत ठेवलं, तेव्हापासून त्या शेजारणींना बोलावून बोलावून सांगायच्या.

आनंदाला आमच्या घरात कोणी कधी मोजमाप लावत नाही. त्यामुळे तो कुठे वाढत चाललाय हे लवकर ध्यानात आलं नाही.

आधी दुपारची जिम होती. मग पहाटे सिद्धेश्वर तलावाला पळत फेऱ्या सुरू झाल्या. मग संध्याकाळी दुकानाच्या जिन्यावर चढउतार. गिऱ्हाईक समोर असताना अक्का एका पायावर उभ्या राहून चादर दाखवायच्या. भाकरी बंद झाली, तेल बंद झालं, शेंगाचटणीवर तर त्यांनी बहिष्कारच टाकला. सोलापुरात राहून शेंगाचटणी खायची नाही! अव्वा म्हणायच्या, "राजी, वाळक्या शेंगंवानी दिसाय लागलीस गं." अक्का हसायच्या. पण एखादा दिवस काही कारणाने व्यायाम चुकला की घरातली भांडी आपटली जायची. मुलीचा पुण्याहून फोन आला तरी दोन शब्दांत ठेवायच्या. लेक पूनम तिथे कॉलेजात असते, तिचा आवाज ऐकला की ज्या अक्कांचा चेहरा फुलायचा, त्यांना आता पळण्याची वेळ मोडली म्हणून त्या फोनचा राग यायचा.

एक दिवस सना दुकानात आली. तिला टॉवेल हवे होते. घेता घेता मला म्हणाली, "ताईंचं दुखणं कसं आहे? मी त्यांना आठवडाभर सुट्टी दिलीय. जांघेत दुखतंय म्हणत होत्या, म्हटलं आराम करा."

मी टॉवेल खाली ठेवला. "कसली सुट्टी? अक्का तर रोज दुपारी जिमला जातात."

"माझ्याकडे नाही येत."

तेवढ्यात अक्का आल्या. केस ओले, गळ्यात घामाने भिजलेला टॉवेल. सनाला बघून दारातच थबकल्या. त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"ताई, कुठून आलात?"

अक्कांनी टॉवेलने मान पुसली. मग एकदम हसल्या आणि म्हणाल्या, "विजापूर रोडला. तितं मकदूमभाईची जिम हाय की. कवाच फी भरून ठेवलीया."

म्हणजे आमच्या अक्कांची बाहेर दुसरी जिम होती! लोकांच्या घरी काय काय निघतं, आमच्या घरी हे निघालं. मला आधी हसूच फुटलं. मग सनाचा चेहरा बघितला आणि हसू थांबलं. ती अक्कांचा हात हातात घेऊन बघत होती. "ताई, हात किती गार आहेत तुमचे. केस पण गळालेत. झोप लागते का?"

"वय झालं गं. ह्या वयात व्हतंच."

"पाळी?"

"गेली ती कवाच. बरं झालं, कटकट मिटली."

"कधीपासून?"

"आता आटवत न्हाय," असं म्हणून अक्कांनी वरची एक गासडी विनाकारण खाली घेतली.

सनाने त्यांना डॉक्टरांकडे जा म्हणून बजावलं. अक्का हो म्हणाल्या आणि मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून पळायला गेल्या.

त्यानंतर दोन आठवड्यांनी अक्कलकोटला लग्न होतं, विरेशभाऊजींच्या चुलतभावाच्या मुलीचं. वऱ्हाडात आम्ही सगळे. सकाळची वेळ, कार्यालय माणसांनी गच्च भरलेलं, अर्धे मराठी बोलतायत, अर्धे कन्नड. अक्षता वाटून झाल्या तरी अक्कांचा पत्ता नाही. अव्वांनी मला पाठवलं. मी वरच्या खोल्या बघितल्या, गच्ची बघितली. शेवटी भटारखान्याच्या मागच्या कोठीतून आचाऱ्याचा आवाज आला, "वैनी, त्यो डबा फुटंल की! तेल सांडंल सगळं!"

आत बघते तर अक्का! अंगावर लग्नातली जरीची साडी, निऱ्या वर खोचलेल्या, दोन्ही हातांत तेलाचे भरलेले डबे, आणि उठाबशा चाललेल्या. नाकातली नथ घामाने एका बाजूला सरकलेली. आचारी शिवप्पा हातात झारा घेऊन घाबरून बघत होता.

"अक्का, अक्षता पडायला लागल्यात!"

"झालं, झालं. थोडं राहिलंय." डबे वर, डबे खाली. खाली बसताना त्यांनी ओठ चावला. डावा पाय त्या नीट टेकवत नव्हत्या.

मी पुढे होऊन एक डबा धरला. अक्का माझ्या अंगावर अशा ओरडल्या, की जन्मात कधी ओरडल्या नव्हत्या. "सोड! सोड म्हणते ना!" आणि मग स्वतःचाच आवाज ऐकून दचकल्या. डबा त्यांच्या हातून मी काढून घेतला.

"दानेश्वरी, सकाळपासनं काय केलं न्हाय गं," त्या हळूच म्हणाल्या. "गाडीत बसल्यापासनं आतनं कोणतरी धक्के देतंय. न्हाय केलं तर आपण परत पयल्यासारकं हुतो असं वाटतं. समदं सुटून जातं असं वाटतं."

"काय सुटून जातं?"

बाहेर वाजंत्री जोरात सुरू झाली. आम्ही धावत मांडवात गेलो आणि उरलेल्या अक्षता जेमतेम टाकल्या. विरेशभाऊजींनी त्यांच्या खोचलेल्या निऱ्या बघितल्या. सगळ्यांसमोर ते काही बोलले नाहीत, पण परतीच्या गाडीत त्यांनी पहिल्यांदाच स्वर चढवला. "लग्नात गेल्यावर लग्नात बसायचं का कोठीत?" अक्का खिडकीबाहेर बघत मांडी दाबत होत्या.

सांगून ऐकणाऱ्या त्या नव्हत्याच. त्यांच्या डोक्यात आता शर्यत होती. संक्रांतीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली की शहरात दहा किलोमीटरची दौड होणार होती. पार्क स्टेडियमवरून सुटायचं, सात रस्त्यावरून विजापूर रोड धरायचा आणि परत यायचं. सनाने त्यांना साफ सांगितलं होतं, "ताई, दुखणं जाईपर्यंत पळायचं नाही. मी तुमचं नाव देणार नाही." अक्कांनी मकदूमभाईंच्या जिममधून नाव दिलं. त्यांना दुखण्याचं काही सांगितलंच नाही.

आणि खोटं कशाला बोलू, त्या सकाळी आम्हीही सगळे भारून गेलो होतो! जानेवारी सरता सरताची थंडी, रस्त्यावर ढोल, शाळेची पोरं झेंडे हलवतायत, पाण्याचे ग्लास मांडलेली टेबलं. पूनम पुण्याहून आली होती. अव्वा रिक्षा करून सात रस्त्यावर येऊन थांबल्या होत्या, डोक्यावरून शाल घेऊन. रस्त्याच्या कडेला त्यांच्यासाठी आम्ही प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली, पण त्या बसायलाच तयार नव्हत्या.

"आली! आली ती!" पूनम किंचाळली.

अक्का येत होत्या. पिवळा टीशर्ट, छातीवर नंबर, केस घट्ट बांधलेले. पुरुषांना मागे टाकत होत्या! आम्ही हात वर करून ओरडायला लागलो. अव्वा तर रस्त्याच्या काठावर जाऊन कन्नडमध्ये ओरडत होत्या, "ओडु! ओडु, राजी, ओडु!" पळ, पळ. शेजारची अनोळखी माणसंही त्यांच्याबरोबर ओरडायला लागली, "ओडु! ओडु!" अक्कांनी आमच्याकडे बघून हात उंचावला आणि पुढे गेल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या घरातली बाई एवढ्या मोठ्या रस्त्यावरून अशी जाताना मी कधी बघितली नव्हती.

परतीला त्या दिसल्या तेव्हा आधी ओळखूच आल्या नाहीत. पळणं वेडंवाकडं झालं होतं. डावा पाय टेकला की अख्खं अंग त्या बाजूला कलत होतं. चेहरा पांढराफटक, दात आवळलेले. सना त्या दौडीत पाणी द्यायच्या कामावर होती. ती त्यांच्या बाजूने पळत येत होती आणि ओरडत होती, "ताई, थांबा! ताई, ऐका ना!"

"लांब न्हाय आता," अक्का पुटपुटत होत्या. "लांब न्हाय."

लोक अजून "ओडु! ओडु!" ओरडत होते. अव्वांचा आवाज मात्र बंद झाला होता. त्या अक्कांच्या पायाकडे बघत होत्या. मी त्यांचा हात धरायच्या आत त्या खाली रस्त्यावर उतरल्या, धावणाऱ्या माणसांच्या मधोमध, आणि दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"निल्लु!" थांब. "राजी, निल्लु!"

अक्का त्यांना चुकवून बाजूने जायला लागल्या. अव्वांनी मनगट पकडलं. सत्तरीतली बाई, पण पकड अशी की सुटेना. अक्का ओढतायत, अव्वा ओढल्या जातायत, चप्पल एकीकडे, शाल एकीकडे. मागून येणारी पोरं दोन्ही बाजूंनी वाट काढून पळतायत. मी आणि पूनम धावलो. सनाने मागून अक्कांना काखेत धरलं आणि त्याच क्षणी त्यांचा डावा पाय वाकला. आम्ही चौघींनी मिळून त्यांना झेललं.

"सोडा मला! आता संपतच आलं होतं!" अक्का रडत होत्या, चिडून हातपाय झाडत होत्या. अव्वा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यावरच बसल्या आणि त्यांचा चेहरा इरकलीच्या पदराने पुसत राहिल्या.

तसंच रिक्षातून दवाखान्यात. एक्स-रे काढला. त्यात काहीच दिसेना. अक्का एकदम उठून बसल्या. "बघा! कायबी न्हाय! उगं माझी शर्यत घालवली!" मलाही क्षणभर वाटलं, सुटलो.

पण हाडांच्या डॉक्टर शांतपणे त्यांचा पाय हातात घेऊन आतल्या बाजूला वळवू लागल्या. अक्का ओरडल्या. मग डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि विचारायला सुरुवात केली. दिवसातून किती वेळा व्यायाम? सुट्टी कधी घेता? काय खाता? पाळी कधी थांबली? अक्का उडवाउडवीची उत्तरं देत होत्या. सना कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "ताई, खरं सांगा ना हो." आणि अक्कांनी सांगितलं. पहाटेचं, दुपारचं, संध्याकाळचं, न्हाणीघरात दार लावून मारलेल्या उड्यांचं सगळं. ऐकता ऐकता विरेशभाऊजी तिथल्या बाकावर बसले. एका घरात राहून त्यांना यातलं निम्मंही माहीत नव्हतं.

एमआरआय झाला. मांडीचं हाड खुब्यापाशी जिथे मानेसारखं बारीक होतं, तिथे चीर गेली होती.

"साध्या एक्स-रेत ही सुरुवातीला दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही शर्यत पुरी केली असती तर कदाचित हाड सरकलं असतं. मग ऑपरेशन, स्क्रू, कदाचित सांधाच बदलायला लागला असता. तुम्ही पळालात म्हणून हे झालं असं नाही, पळणं चांगलंच आहे. पण शरीराला तुम्ही खायला दिलं नाही, झोपू दिलं नाही, भरून यायला वेळ दिला नाही. पाळी थांबली ती नुसत्या वयाने थांबली असं धरून चालू नका. हाडं ठिसूळ व्हायला लागली की शरीर अशीच खूण देतं."

"मग पुन्ना कवा पळायचं?" अक्कांनी विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हाच तुमचा दुसरा आजार. हाडाइतकाच त्याच्यावरही उपचार करावा लागेल."

डाव्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही, कुबड्या घेऊन चालायचं, गोळ्या, इंजेक्शनं, पोटभर जेवण. आणि मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे जायचं. यावर अक्का भडकल्या. "मी काय येडी हाय का? दारू पित न्हाय, तमाखू खात न्हाय, व्यायाम करते. व्यायाम करणाऱ्याला येड्यात काढताय व्हय?"

पुढचे दिवस आमच्या घराची नुसती रणभूमी झाली होती. कुबड्या अक्का भिंतीवर फेकायच्या. चोरून पलंगावर पडल्या पडल्या पाण्याने भरलेली कळशी वर-खाली करताना मी त्यांना पकडलं. अव्वांनी पुढे केलेलं ताट त्या ढकलायच्या. अव्वा ते परत पुढे करायच्या. ज्वारीची भाकरी, दही, मटकीची उसळ, गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, तुपासकट. अव्वा हरतायत असं कधी दिसलं नाही.

सना भेटायला आली ती मकदूमभाईंना सोबत घेऊन आली. मकदूमभाई पन्नाशीचे, थोराड, आवाज मात्र मऊ. ते म्हणाले, "ताई, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय आमच्या दोघांच्याही जिममध्ये तुम्हाला पाऊल टाकू द्यायचं नाही, असं ठरलंय. गावातल्या बाकीच्या जिमवाल्यांनाही मी सांगून ठेवलंय. सगळे आपले दोस्त आहेत."

अक्का सनाकडे वळून म्हणाल्या, "तूच मला उबं केलंस आणि तूच दार लावतीस?"

"हो," सना म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "तुम्ही मोडलात तर मी कोणाला शिकवू?"

अक्कांनी तोंड भिंतीकडे वळवलं. सना गेली तरी तसंच. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या हळूच बोलायला लागल्या. "एवढी वर्सं गठ्ठे उचलले गं. कोणी बघितलं व्हय? तितं पयल्या दिवशी टाळ्या वाजवल्या माझ्यासाठी. मला वाटलं, थांबले की परत कोणी बघणार न्हाय."

विरेशभाऊजी दाराशी उभे होते. कारखान्यातून नुकतेच आले होते, कपड्यांवर सुताचे तंतू चिकटलेले. त्यांनी ते ऐकलं. माणूस आधीच अबोल, त्यातून असं काही बोलायची सवय नाही. पलंगाच्या कडेला येऊन बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "त्या डॉक्टरकडं मीबी येतो. तू एकटी कशाला? मलाबी इचारू देत काय इचारायचं ते." बस, एवढंच बोलले. पण अक्का त्यांच्याकडे वळून बघायला लागल्या.

मग ते दोघं जायला लागले. पहिल्या वेळी अक्का फणफणत परत आल्या. दुसऱ्या वेळी गप्प आल्या. त्यानंतर कधीतरी त्या परतल्या आणि अव्वांच्या समोर बसून, न सांगता, भाकरीचा तुकडा मोडून शेंगाचटणीला लावला. अव्वांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघरात धावले आणि तव्यावर अजून एक भाकरी टाकली!

दुकानातही बदल झाला. माल काढायला आता कारखान्यातला एक माणूस येतो. अक्का गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाशी बोलतात, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलतात हे मला कबूल करावंच लागेल. विरेशभाऊजी कधी दुकानात आले तर आल्या आल्या म्हणतात, "आज राजेश्वरीने काय विकलं?" असं विचारायला ते शिकलेत.

हाड भरून आलं. पुन्हा एमआरआय काढला, डॉक्टरांनी कुबड्या सोडायला सांगितल्या. पळायला अजून बंदी, वजनं उचलायची ती सावकाश आणि एक दिवसाआड, पण पाण्यात उतरायला परवानगी मिळाली. एप्रिल लागला होता. सोलापूरचा एप्रिल म्हणजे रस्त्यावर डांबर मऊ पडतं. पोहण्याच्या तलावात बायकांची वेगळी वेळ होती. अक्का म्हणाल्या, "दानेश्वरी, चल." मी म्हटलं, "मला पाण्याची भीती वाटते." "मला तरी कुटं येतंय पोहायला!"

निळं पाणी, क्लोरीनचा वास, बायकांचा आरडाओरडा. आम्ही दोघी कठड्याला घट्ट धरून आत उतरलो. पाणी छातीशी आलं आणि माझा श्वासच अडकला. शिकवणाऱ्या बाईंनी, बाळाबाई त्यांचं नाव, आधी अक्कांना धरलं. "अंग सोडा. मान मागं टाका. मी धरलंय." अक्कांना अंग सोडणं जमेना. सगळे स्नायू ताठ, त्यामुळे बुडायच्या, पाणी प्यायच्या, खोकत वर यायच्या. परत. परत. आणि एकदम काय झालं कोण जाणे, त्यांचे पाय आपोआप वर आले. कान पाण्यात, डोळे मिटलेले, हात पसरलेले. बाळाबाईंनी खालचा हात काढून घेतला.

"अक्का!" मी ओरडले. "अक्का, तुम्ही तरंगताय!"

त्यांना ऐकू गेलं नाही. पण चेहऱ्यावर असं हसू पसरलं की मी भीती विसरून कठडा सोडून त्यांच्याकडे दोन पावलं चालले आणि नाकातोंडात पाणी गेलं. दोघी हसून हसून बेजार.

वेळ संपल्याची शिट्टी वाजली. बायका बाहेर निघायला लागल्या. अक्का शिडीशी थांबल्या आणि बाळाबाईंना विचारलं, "दिवसातनं दोनदा आलं तर चालतंय का?"

मी डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघितलं. बाळाबाई आळीपाळीने आमच्या दोघींकडे बघायला लागल्या.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, मग परत माझ्याकडे. "इचारलं गं नुसतं," त्या म्हणाल्या आणि शिडीचा दांडा धरून वर चढल्या. केस पिळत, ओल्या पायांनी फरशीवर चालत, त्या मला म्हणाल्या, "चल घरी. मला लई भूक लागलीया."